पांढऱ्या धुराची पारख

"सूर्य पाठीशी घे, मग धुराला नाव ठेव," असं लोरेटा ह्रॅबक ज्याला त्याला सांगायची.

अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या या खोऱ्यात कारखान्यांच्या चिमण्या झाडांहून उंच. त्यांच्यापुढं स्टूल टाकून बसायचं आणि धुरानं मागचं आकाश किती झाकलं, ते नुसत्या डोळ्यांनी पारखून लिहायचं, हे लोरेटाचं सरकारी काम. वीस टक्क्यांच्या वर गेलं की कारखान्याला नोटीस. तिचे वडील याच धुरात खोकत खोकत गेले. पण तो राग तिनं कधी आकड्यात उतरू दिला नाही, म्हणून तिचा शब्द खोऱ्यात खणखणीत नाण्यासारखा चालायचा.

उन्हाळ्यात तिनं लोखंडाच्या ओतशाळेच्या पांढऱ्या धुरापुढं तीस लिहिलं. ओतशाळेनं एक भट्टी विझवली आणि रात्रपाळीची माणसं घरी बसवली. त्यानंतर चर्चच्या जेवणात लोरेटाच्या टेबलाशी कुणी बसेना. तिनं एकटीनंच पिरोगी, त्या बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, खाल्ल्या. खरं पाहिलं ते लिहिलं, मग मान खाली का घालायची?

पानगळीला धुराची शाळा भरली. धूर वाचणाऱ्याला दर सहा महिन्यांनी डोळ्यांची परीक्षा द्यावीच लागते. माळावर मोजून धूर सोडणारं यंत्र, आणि समोर घडीच्या खुर्च्यांवर टोप्या घातलेली माणसं. भोंगा वाजला की आकडा लिहायचा, शेवटी खरे आकडे पुकारतात.

काळा धूर तिनं नीट वाचला होता. पांढऱ्याचे आकडे पुकारू लागले, तशी तिच्या हातातली पेन्सिल मंदावत गेली. तिचा प्रत्येक आकडा खऱ्याच्या वर. तिनं मान वर करून मोकळ्या आकाशाकडं पाहिलं. त्याच्यावरही दुधावरची साय धरली होती.

शेजारी तिचा जुना सोबती कर्टिस बसला होता. खात्यानं आता डोळ्यांऐवजी कॅमेरे आणायचं ठरवलं होतं आणि ते काम त्याच्याकडं होतं.

"दुपारी परत बस," तो हळूच म्हणाला. "दिसेल त्यातून थोडं वजा करून लिही. पास होशील."

"हा धूर आहे की बाजारातली भाजी, घासाघीस करायला?"

"अगं, निवृत्ती आली तुझी. कशाला उगाच..."

"उन्हाळ्यात ओतशाळेपुढं तू माझ्याशेजारी कॅमेरा लावून बसला होतास."

"सराव होता तो. त्या फोटोंना कुणी विचारत नव्हतं."

"मी विचारतेय. काढ."

त्यानं ट्रकच्या मागच्या फळीवर संगणक उघडला. धुराचा उजेड मागच्या आकाशाच्या उजेडाशी ताडून संगणकानं आकडा सांगितला. पंधरा. तोच दिवस, तोच धूर. कर्टिसनं पुढचे फोटोही लावून पाहिले. वीसच्या वर एकही जाईना.

"यंत्रही चुकतं कधी कधी," तो म्हणाला.

"चुकतं. पण त्याला मोतीबिंदू होत नाही." तिनं फळीचा आधार घेतला. "चल, ओतशाळेकडं घे गाडी."

फाटकाशी पाळी बदलत होती. व्यवस्थापक अर्ल कोस्टिक लहानपणीच्या शाळेपासून तिच्या ओळखीचा.

"काय गं, दुसरी भट्टी विझवायला आलीस?"

"पहिली पेटवायला आलेय. नोटीस चुकीची होती, अर्ल. तुमचा धूर हद्दीत होता. मला दाट दिसला, तो माझ्या डोळ्यांचा दोष. खात्याला आत्ता फोन करून सांगितलंय. माझं ओळखपत्रही परत करतेय."

माणसं जागच्या जागी थांबली. रात्रपाळीतला डोमिनिक पुढं आला. भट्टी विझल्यापासून तो भावाच्या जागेवर बदली म्हणून येत होता.

"हे ऐकून आमचा उन्हाळा परत येतो का, बाई?"

"नाही येत."

एवढंच बोलून ती थांबली. आणखी कुणाला काही विचारायचं असेल, म्हणून थांबली. मग ती वळली आणि कुंपणाच्या कडेनं, एका हातानं जाळी चाचपत, नदीच्या रस्त्याला लागली. कर्टिसनं ट्रकचं दार उघडून धरलं होतं, तिकडं ती गेली नाही. अर्ल पाहत होता, डोमिनिक पाहत होता. हाक कुणी मारली नाही. पण ती वळणाआड होईपर्यंत फाटकातून आत कुणी गेलं नाही.