उरणची एसटी आणि सुमनचं आडनाव

आता उरणला रेल्वे जाते, त्यामुळे तुम्ही आरामात जाल. ऐंशीच्या दशकात आम्ही वाशीहून निघालो तेव्हा पनवेलला एसटी बदलावी लागली आणि पुढे गाडीनं हाडं खिळखिळी केली. जायचं कारण सुमन, आमच्या ऑफिसातली टायपिस्ट. वर्णभेदाबद्दल आपल्याच देशाला जाब विचारणाऱ्या एका कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाचे निबंध तिनं वर्षभर खपून मराठीत आणले होते. उरणच्या वाचनालयानं ते वाचायला तिला बोलावलं होतं.

"आपलंच लिहिलंय गं त्यानं," वही मांडीवर घट्ट धरून ती म्हणाली. बाहेर मिठागरं होती, आणि बंदरासाठी घेतलेली शेतं. खिडकी सोडू नका.

दुपारी माझ्या मावशीकडे जेवलो. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. कार्यक्रमाआधी इतकं जेवू नये, झोप येते. पाण्याचा तांब्या पुढे करतानाच मावशीनं नेहमीचा प्रश्न टाकला, "आडनाव काय गो हिचा?"

आडनाव विचारायचं ते जात कळावी म्हणून, हे तिघींनाही ठाऊक होतं. सुमननं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "देशमुख." सुमननं भाकरी अर्धीच खाल्ली.

वाचनालयात पंचवीसेक माणसं होती, पहिल्या रांगेत मावशी. सुमन उभी राहिली. "मी सुमन कांबळे. दुपारी माझ्या मैत्रिणीनं माझं आडनाव बदललं, माझ्या भल्यासाठी. या लेखकालाही असे भलं चिंतणारे खूप भेटले." मग ती तासभर वाचत राहिली, न अडखळता. मला लाज वाटली, आणि खरं सांगते, तिचा रागही आला.

बाहेर पडताच मावशी माझ्यावर घसरली. "मी तिला जेवाला घातला नसता, हा तुला कोनी सांगला?" मग हळूच म्हणाली, "नसता बी घातला. पन तो मना ठरवू द्याचा व्हता."

परतीच्या गाडीत पनवेल येईस्तोवर मी शब्द जुळवत होते. शेवटी सरळ माफी मागितली. सुमन म्हणाली, "बघू."

वाशीला आल्यावरही आमचं बोलणं कामापुरतंच राहिलं. महिनाभरानं मावशीचं पोस्टकार्ड आलं, शेजाऱ्याकडून लिहून घेतलेलं: 'जत्रंला ये. सुमन कांबलेला संगं आन. भाकरी अर्धी ठेवून गेली ती.'

मी कार्ड तिच्या टाइपरायटरवर ठेवलं. तिनं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "पनवेलहून पहिली गाडी कितीची आहे?"