सुमनआत्या कुणाला शोधत होती

सुमनआत्या गेली तेव्हा मी चाकणला कंपनीत होते. मीटिंग चालू होती, फोन उलटा ठेवला होता आणि तो टेबलावर सारखा थरथरत होता. बाहेर येऊन पाहिलं तर देशपांडेकाकूंचे, म्हणजे आत्याच्या आकुर्डीच्या शेजारणीचे, ओळीनं कॉल. "मीनल, तू निघ," एवढंच त्या म्हणाल्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "निघ बाळा. पण गाडी हळू चालव." ते 'हळू चालव' ऐकलं आणि मला कळलं. आत्या भाजी घेऊन वर येत होती. जिन्यात दम लागला म्हणून पायरीवर बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसावा. असं ते सगळ्यांनाच सांगत असतील...

याला आता दीड-दोन महिने झाले. चारचौघांसारखं दुःख करून मी एव्हाना सावरले असते. पण तो धक्का ओसरायच्या आत दुसरा बसला, आणि त्यातून आमचं घर अजून बाहेर आलेलं नाही. हे लिहितेय ते अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारूनच. ते आत्याचे थोरले भाऊ.

आम्ही पिंपळे गुरवचे. शेती होती, तिच्या जागी आता इमारती आहेत आणि त्यातल्याच एकीत आम्ही राहतो. आत्या मात्र विशी उलटल्यावर लगेच घर सोडून आकुर्डीला भाड्याच्या खोलीत राहायला गेली. स्कूटरच्या वायरिंगचे जुडगे बांधणाऱ्या एका कारखान्यात लागली आणि तिथूनच सुपरवायझर होऊन निवृत्त झाली; मधे आकुर्डीतच एक लहान फ्लॅट घेतला. लग्न केलं नाही. "तिला नोकरीचं याड," असं भावकीत म्हणायचे आणि विषय संपायचा. भाऊबीजेला ती न चुकता यायची, अप्पांना ओवाळायची, जेवायची आणि अंधार पडायच्या आत परत जायची. आमच्या घरी ती एकदाही मुक्कामाला राहिली नाही. लहानपणी मी हट्ट केला की म्हणायची, "मला माझ्याच गादीवर झोप लागते गं."

माझ्यावर तिचा जीव होता. मला स्कूटर तिनं शिकवली. इंजिनिअरिंगला जायचं म्हटल्यावर घरात कुरबुर सुरू झाली, तेव्हा ती कामाच्या दिवशी रजा टाकून आली आणि अप्पांना म्हणाली, "दादा, पोरीच्या आड येऊ नको." अप्पा कुणाचं ऐकून घेणारे नाहीत. त्या दिवशी त्यांनी मान खाली घातली. मला त्याचं नवल वाटलं होतं, पण कॉलेजात नाव लागल्याच्या आनंदात मी ते विसरूनही गेले.

निवृत्त झाल्यावर एक दिवस तिनं मला विचारलं, "थुंकीवरून नातेवाईक सापडतात म्हणे, खरंय का?" मला हसू आलं. म्हटलं, "आत्या, आपल्या भावकीत सात पिढ्यांची नावं पाठ असतात. त्यात काय शोधणार?" ती म्हणाली, "त्यात पोरींची नावं कुठं असतात?" मला ते फार आवडलं. म्हटलं, आत्याला म्हातारपणी चांगला छंद लागला. परदेशातल्या एका कंपनीची पेटी मागवली, नळीत थुंकी घेतली, पाठवून दिली. काही आठवड्यांनी पूर्वज कुठकुठले याचा रंगीत नकाशा आला. मी हौसेनं दाखवायला लागले, तर तिनं तो धड पाहिलाही नाही. "आणि माणसं?" म्हणाली. माणसांसाठी वेगळे पैसे होते. जुळणाऱ्यांची नुसती संख्या फुकट दिसायची. त्यांची नावं, नातं किती जवळचं आणि निरोप पाठवायची सोय हे सगळं वर्षाची वर्गणी भरली तरच उघडायचं. भाजीवाल्याशी रुपयासाठी घासाघीस करणाऱ्या माझ्या आत्यानं पर्समधून कार्ड काढलं आणि म्हणाली, "भर."

मग दरवर्षी भरत राहिलो. रविवारी मी गेले की ती चष्मा लावून बसायची आणि मी यादी वाचायची. कुणी लेस्टरमध्ये, कुणी टोरोंटोत, एक तर नैरोबीत. मीच जास्त रंगून जायचे. "हा बघ, आडनाव आपलंच आहे!" ती वाकून बघायची आणि म्हणायची, "दूरचा आहे." म्हटलं, मग काय झालं? "काही नाही. दूरचा आहे, एवढंच." अप्पांना हे कळलं तेव्हा ते वैतागले. "लुबाडायचे धंदे हायेत हे. कशाला पैशे घालवती?" आत्यानं ताटावरून मान वर केली. "दादा, तू यात पडू नको," एवढंच म्हणाली. अप्पा हात धुवायला उठले ते परत पंगतीत आलेच नाहीत.

ती जायच्या आधीच्या रविवारी वर्गणी संपत आली होती. मी विचारलं, "अजून एक वर्ष?" ती थालीपीठ थापत होती. मागे न वळता म्हणाली, "हो. भर." ती आमची शेवटची भेट.

दहावं झाल्यावर तिचा मोबाईल मी माझ्याकडे ठेवून घेतला. बँक, गॅस, सोसायटी... सगळीकडे तोच नंबर. एका दुपारी कॅन्टीनमध्ये जेवताना तो वाजला. 'तुमच्याशी जुळणारी नवीन व्यक्ती.' मी एका हातानंच उघडलं. सगळ्यात वर एक नाव होतं, ॲना. राहणार नेदरलँड्स. नावाखाली नातं लिहिलेलं असतं. तिथं इतकी वर्षं 'दूरचे नातेवाईक' वाचायची सवय झालेली. या वेळी तिथं लिहिलं होतं, 'मुलगी'.

पहिल्यांदा वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. मग फोटो मोठा केला. पन्नाशीच्या आसपासची बाई, केस कापलेले, गळ्यात मफलर. आणि कपाळ आत्याचं. डोळे बारीक करून बघायची तऱ्हा आत्याची. माझ्या समोर बसलेली मैत्रीण काहीतरी विचारत होती, मला तिचे ओठ हलताना दिसत होते फक्त. फोटोखाली इंग्रजीत निरोप होता. 'मला पुण्यातल्या एका संस्थेतून इथं दत्तक आणलं. इथली आई होती तोवर तिला वाईट वाटेल म्हणून शोध घेतला नाही. तुम्हाला अडचणीत आणायचं नाही. तुम्ही बऱ्या आहात, एवढं कळलं तरी पुरे.'

मी तशीच पिंपळे गुरवला गेले. अप्पा खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले होते. मला आडून विचारता येईना.

"अप्पा, आत्याला मुलगी होती?"

त्यांनी फोनकडे पाहिलं नाही. फाटकाकडे बघत म्हणाले, "कोन म्हनलं?"

"मुलगीच म्हणतेय."

वॉचमन बादली घेऊन आला, गाड्या पुसायला लागला. त्याला अप्पांनी हातानंच जायला सांगितलं.

"व्हय," ते म्हणाले. "होती. पोरगा कोन ते सुमीनं सांगितलं न्हाई. आबांनी, तुज्या आज्यानं, मारलं तरी न्हाई. मंग तिला पुन्यात नेऊन ठिवली. गावात सांगितलं, मावशीकडं शिवन शिकाया गेली. पोर झाली. थोडं दिस तिनं पाजली बी. मंग सही घेतली तिची..." ते थांबले. "पोर उचलायला आबांचा हात हुईना. तिच्या मांडीवरनं म्या उचलली."

"आणि आत्या?"

"घरी आली, भाकऱ्या थापल्या. वरसाच्या आत नोकरी धरली नि गेली."

शेजारच्या स्कूटरच्या सीटवर मी टेकले. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिल्या, तो माणूस माझ्यासमोर बसून हे सांगत होता. आणि आत्या त्यालाच दरवर्षी ओवाळत होती! तिनं माफ केलं होतं का, की नव्हतं... हे आता कुणाला विचारणार?

"सुमी न्हाई आता," अप्पा म्हणाले. "कशाला उकरायचं? भावकीत त्वांड कसं दाखवायचं?"

"अप्पा, ती विचारतेय, तुम्ही बऱ्या आहात का. काय लिहू?"

अप्पांनी फाटकावरची नजर काढली. मग हळूच म्हणाले, "दिसती कशी?"

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला, घातला, परत पुसला. अंगठा फोटोवरून फिरवत राहिले. "सुमीच हाय," म्हणाले. "लिही तिला. आई गेली म्हनावं. पन मामा हाय म्हनावं अजून."

मी लिहिलं. 'ती गेली' हे वाक्य लिहून मी तीनदा पुसलं. आत्या शेवटचे पैसे भरत होती तेव्हा ॲनाची नळी तिथल्या प्रयोगशाळेत पोचलेली होती. हे तिच्याकडूनच कळलं आणि ते मला अजूनही पचलेलं नाही. नावं उघडावीत म्हणून तिनंही तिकडे वर्गणी भरली होती. ती थंडीत इकडे येणार आहे. भावकीतल्या एका चुलत्यानं आमच्याकडे येणं सोडलं आहे. अप्पांनी आत्याचा फ्लॅट झाडून घ्यायला सांगितला आहे.

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर ॲनानं विचारलं, आईचं एखादं चित्रण आहे का. नाही. आत्या कॅमेरा दिसला की उठून आत जायची. पण तिला टाइप करायचा कंटाळा, त्यामुळे माझ्या फोनमध्ये तिचे आवाजातले निरोप भरलेले आहेत. मी सहज पहिला हाती लागला तो लावला. ॲना डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, काय म्हणते? मला सांगायची लाज वाटली. "येताना कोथिंबीर आण म्हणते. आणि बघून आण म्हणते, मागची पिवळी निघाली." ॲनानं तो परत लावायला सांगितला. मग परत.

आता रोज एक निरोप लावते आणि अर्थ सांगते. गिझर बंद केलास का. दार नीट ओढून घे. देशपांडेंकडे चकल्या ठेवल्यात. काल लावलेला अगदी लहान होता. मी आकुर्डीहून निघाले की तासाभरानं तो यायचाच, त्यामुळे तसे शेकड्यानं आहेत. "घरी पोचलीस का गं?"

ॲनानं विचारलं, काय म्हणते? मी इंग्रजीत सांगितलं. अप्पा माझ्या शेजारीच बसले होते. मग ॲनानं विचारलं, याला उत्तर काय देतात?

"पोचले," मी सांगितलं.

तिनं ते दोन-तीनदा तोंडात घोळवून पाहिलं. 'च' तिला जमत नव्हता. अप्पा पुढे झुकले आणि फोनच्या अगदी जवळ जाऊन, मोठ्यानं, लहान पोराला शिकवावं तसं म्हणाले, "पोचले, आई."