तार काढलेला स्पीकर

मंडळी, आधीच सांगते, भूतखेत मानणाऱ्यांतली मी नव्हे. हैदराबादच्या एका मराठी शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. तरुणपणी तर काय तोरा माझा! शेजारीण वाटीभर साखर मागायला आली, तरी बॉबकट उडवत तिला 'ध्वनी म्हणजे कंपन' समजावून सांगायचे. बिचारी साखर न घेताच पळायची. ते ध्यान आज दारात उभं राहिलं तर मीच कडी लावून घेईन. असो... त्या ध्यानाची जी म्हातारी झाली, तिच्याच घरात हे घडलंय.

आम्ही नामपल्ली स्टेशनच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी, आमचे हे, आणि कॉलेजात शिकणारी नात रुही. यांना गाण्यांचं भारी वेड, पण कान मंदावलेत. मशीन लावा म्हटलं की "मी काय म्हातारा झालोय?" म्हणतात. घरात यांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर होता, त्याच्या स्पीकरचे पडदे उंदरांनी खाल्ले होते. म्हणून मी आणि रुही कोठी भागातल्या बाजारातून जुने, लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, "बजा के देखो अम्माँ, नक्को बोले तो वापस लेतूं."

रुहीनं तारांची टोकं सोलली. लाल तार लाल खुंटीला, काळी काळीला.

"आजी, हे पॅसिव्ह आहेत. यांचं स्वतःचं काही नसतं. अ‍ॅम्प्लिफायरनं दिलं तर वाजतील, नाही तर नुस्ता डब्बा."

"अगदी तुझ्या आजोबांसारखे," मी म्हटलं.

आवाज सुरेख होता. हे खूश. खुर्ची स्पीकरला चिकटवून दिवसभर तिथेच बसायला लागले.

मग यांचं जेवण सुटलं.

ताट वाढून हाका मारल्या की म्हणायचे, "अगं, आत्ताच तर जेवलो." आधी मला वाटलं, विसरायला लागले. मग वाटलं, खाली उतरून समोसे खातात. पण हे जागचे हलत नव्हते, आणि बघता बघता सदऱ्याच्या गळ्यातून हाडं दिसायला लागली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्ट स्वच्छ! "भूक का नाही, समजत नाही," म्हणाले. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत विझत चालला होता.

एका दुपारी मी कणीक मळत होते. अ‍ॅम्प्लिफायर बंद. बाहेरच्या खोलीतून यांचा आवाज आला, "भात बस, बस. आणखी थोडी डाळ वाढा."

हात तसेच पिठाचे घेऊन मी गेले. हे डाव्या स्पीकरसमोर मांडी घालून बसलेले. समोर काहीच नाही. आणि हात... घास कालवत होता, तोंडाकडे जात होता. मी यांची बोटं नाकाशी नेली. खट्ट्या डाळीचा वास. मोहरी, कढीपत्ता, चिंच. आमच्याकडे त्या दिवशी मुगाची आमटी होती.

"कोण वाढतंय तुम्हाला?"

"ती काय. तुला ऐकू येत नाही?" मला! कान ज्यांचे गेले, ते मला विचारत होते.

रुही घरी आल्यावर तिला सांगितलं. ती हसली नाही. तिनं दोन्ही तारा उपटून काढल्या आणि खोकी भिंतीला सरकवली. "आता परेशान नको होऊ. तारच नाही तर कुठून वाजणार?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला हे परत तिथे जाऊन बसले. मी मागोमाग. तार नाही, करंट नाही. तरी जाळीतून आत पाहिलं तर पडदा हलत होता. हलकेच, माणसाची छाती हलावी तसा. मी बोट टेकवलं... ध्वनी म्हणजे कंपन, बाई! आणि मग मलाही ऐकू आलं. वाट्यांचा आवाज. पाट सरकवल्याचा. आणि एका बाईचा, खूप जवळून, मायेनं भरलेला आवाज –

"आ जाओ जी. खाना लगा दिये. ठंडा हो रा."

"आलो," हे म्हणाले.

रुही एकदा म्हणाली होती, स्पीकरमध्ये बोललं तर त्याचा माईक होतो. मी तोंड जाळीला लावलं.

"अगे बाई, ये हमारा आदमी है! इसको हमारे घर में खाने दो. रोज रोज दुसरे के आदमी को वाढते क्या?"

वाट्यांचा आवाज थांबला. पलीकडे खूप माणसं बसलेली असावीत आणि सगळी एकदम गप्प झाली असावीत, तसं वाटलं.

मग ती म्हणाली, "तो आप भी आ जाओ ना, आपा. आपकी भी थाली लगाई मैं."

मी तोंड जाळीपासून मागे घेतलं. पण आपल्याकडे जेवायला बोलावणाऱ्याला तोंडावर नाही कुठं म्हणतात? तरुणपणी सासूबाईंच्या उपासांना मी 'साबुदाण्याची नाटकं' म्हणायचे, आणि त्या क्षणी तेच नाटक तोंडात आलं.

"आज मेरा उपास है."

"इनको खिला दूँ फिर?"

"नक्को! इनको छोड दो. मेरा उपास छूटा तो मैं आती."

"हौ," ती म्हणाली. बस. पडदा थांबला.

हे डोळे चोळत उठले आणि म्हणाले, "अगं, भूक लागलीय." त्या दुपारी त्यांनी चार पोळ्या खाल्ल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

रुहीनं त्याच संध्याकाळी खोकी कोठीला परत दिली. दुकानदारानं लगेच पैसे मोजून दिले. हे आता चांगले भरलेत. शास्त्र मी शिकवलंय, शास्त्रानं पाहायचा प्रयत्नही केला... यांच्या बोटांचा तो वास कुठून आला, यावरच गाडी अडते. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा, मला नाही सुचलेलं.

तेव्हापासून मी उपासच करते. रताळी, शेंगदाणे, भगर. रुही ओरडते, "आजी, वेडी झालीस का? ते डब्बे गेले ना!" गेले. पण शेजारणीला खोटं सांगणं वेगळं, आणि हिला वेगळं.

काल जेवता जेवता हे मधेच थांबले. मान किंचित तिरपी, कान भिंतीकडे. भिंत रिकामी आहे.

"काय गं, तुझा उपास कधी सुटतो?"

"तुम्हाला कशाला चौकशी?"

"मला नाही," म्हणाले. "ती विचारतेय."

मी उठले आणि उद्याचा साबुदाणा भिजत घातला.