पिशवी खाली ठेवली की पास

नाशकात ढुंढिराज गायधनींना ओळखत नाही असा माणूस एखाद्या वेळेस सापडेल. पण त्यांच्या तावडीत सापडून लवकर सुटलेला मात्र सापडायचा नाही. घराणं रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करणारं. हे तेवढे रसायनशास्त्रात शिरले, कॉलेजात शिकवून निवृत्त झाले आणि आता त्यांना नवंच खूळ लागलंय. नुकते संशोधनात पडलेले तरुण गोळा करायचे आणि आपलं काम साध्या माणसांना कसं सांगायचं ते त्यांना शिकवायचं. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या हॉलमध्ये दर रविवारी ही फौज जमते. त्यांच्या पत्नी, शैलाकाकू, पोहे करतात आणि "अहो, पोरांना बोलू द्या जरा," असं स्वयंपाकघरातून ओरडत राहतात.

या खुळाला कारण घडलं ते फार पूर्वी. डॉक्टरेट मिळाल्यावर ढुंढिराजांनी गल्लीच्या गणेशोत्सवात आपल्या संशोधनावर दणदणीत भाषण ठोकलं. संपलं तेव्हा समोर दोघंच उरले होते: खुर्च्या न्यायला आलेला मांडववाला आणि वडील. वडील एवढंच म्हणाले, "दारात आलेल्या यात्रेकरूला आपण आधी काय विचारतो? गाव कोणतं, घरी कोण कोण, कशासाठी आलात. संकल्प त्यानंतर. तू कुणालाच काही विचारलं नाहीस." ते त्यांच्या मनाला फार लागलं. आजही पहिल्या रविवारी ते पोरांना हा किस्सा सांगतात, आणि सांगताना अजून कानकोंडे होतात.

म्हणूनच त्यांची परीक्षा हॉलमध्ये होत नाही, घोटीच्या आठवडे बाजारात होते. लॅपटॉप नाही, पडदा नाही, माईक नाही. बाजार करून निघालेल्या माणसाला थांबवायचं आणि आपलं संशोधन सांगायचं. त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, की समजावं, तो निघाला. खाली ठेवली, की पास. गुरुजींनी मात्र मध्ये तोंड उघडायचं नाही. हा नियम शैलाकाकूंचा आहे आणि तो पाळताना ढुंढिराजांचा जीव कसा कासावीस होतो, ते बघायला पोरांना भारी मजा येते.

यंदाच्या मे महिन्यात पाळी आली यशश्रीची, आणि तिच्यासाठी ही नुसती परीक्षा नव्हती. भाताचं पीक करपा रोगाने जाऊ नये म्हणून बियाण्याला उपयोगी जिवाणू चोळून पेरायचं, हे तिचं संशोधन. गेल्या वर्षी घोटीकडच्या शेतकऱ्यांनी तिला त्यासाठी वावरं दिली होती. प्रत्येक वावरात तिने एक पट्टी मुद्दाम जिवाणू न लावता सोडली. झालं, गावात बोभाटा झाला, की बाईचं औषध फेल गेलं आणि वर तिने लोकांचं भात मुद्दाम आजारी पाडलं. यंदा वावरं मिळाली नाहीत तर प्रयोग अर्ध्यावर सुटणार होता, आणि रोपं टाकायचे दिवस तर तोंडावर आले होते.

"सर, मी गेल्या वर्षी सगळं सांगितलं होतं त्यांना," जीपमध्ये ती म्हणाली.

"सांगितलंस ना? मग विचारलंस काय काय?"

यशश्रीने वहीत एक प्रश्न लिहिला आणि लगेच खोडला.

घोटीत उतरल्यावर ढुंढिराजांनी आधी मेथी घेतली, कारण मेथीशिवाय घरात प्रवेश नव्हता. पिशवी सांभाळत ते भज्यांच्या गाडीशेजारी उभे राहिले. परीक्षा पोरीची, पण काळजी यांनाच जास्त.

यशश्रीने गाठलं ते थेट सगुणाबाई आणि बहिरूला. दोघांनीही गेल्या वर्षी वावर दिलेलं, दोघांच्याही हातात भरलेल्या पिशव्या. ओळखीची माणसं बघून आणखी चार जण थांबले. तिने घसा साफ केला आणि म्हणाली, "भात हे जगातल्या निम्म्याहून अधिक लोकांचं मुख्य अन्न आहे."

ढुंढिराजांनी डोळेच मिटून घेतले. भातावरचे शोधनिबंध जिथून सुरू होतात, तिथूनच पोरगी सुरू झाली! तीही घोटीत, भात लावण्यात उभा जन्म गेलेल्या बाईसमोर!

"ठावं हाय बाई," सगुणाबाई म्हणाल्या, "आम्ही बी त्योच खातो."

हशा पिकला. सगुणाबाईंची पिशवी या हातातून त्या हातात गेली. ढुंढिराज अर्धं पाऊल पुढे सरकले. ओठांवर झकास वाक्य तयार होतं. तेवढ्यात शैलाकाकूंचा चेहरा डोळ्यांसमोर आला. त्यांनी ओठ दाताखाली धरला आणि तोंड भज्यांकडे फिरवलं.

मग मागून यशश्रीचा आवाज आला, अगदी साधा. "सगुणाबाई, तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

"रागावू नको तर काय करू? ती करपलेली पट्टी तू रस्त्याच्या कडंला सोडली. येनारा-जानारा म्हनायचा, सगुणाबाईला आता शेती व्हईना. माझ्या सुनंनं बी ऐकलं!"

 जीपमधून उतरून करपा मोजायला सोपं, एवढ्याच कारणासाठी यशश्रीने ती रस्त्यालगतची जागा निवडली होती. "चुकलं माझं," ती म्हणाली. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पण पट्टी सोडली का, ते सांगू? समजा, पोराला ताप आलाय. तुम्ही गोळी दिलीत, काढा पाजलात, देवीला नवसही बोललात. ताप उतरला. कुणामुळे?"

"देवीमुळं," सगुणाबाई ताडकन म्हणाल्या.

"गोळीमुळं!" बहिरू म्हणाला.

"आन काढा काय फुकट गेला व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि जी काय जुंपली! भजीवालासुद्धा झारा हातात घेऊन काढ्याच्या बाजूने भांडायला उतरला.

"तेच!" यशश्री आता ओरडतच होती, गाल लालबुंद. "तेच मलाही कळेना! भात चांगलं आलं ते माझ्या जिवाणूंमुळे, की पाऊस बेताचा पडला म्हणून? म्हणून एक पट्टी तशीच ठेवली. पाऊस सारखा, माती सारखी. मग दोन्हींत फरक पडला तर तो जिवाणूंचा!"

"माझ्या वावरात नाय पडला फरक," बहिरू म्हणाला. "दोन्ही सारख्याच करपल्या."

 आता ही अवघड शब्दांमागे लपणार, अशी ढुंढिराजांना भीती वाटली.

"नाही पडला," यशश्री म्हणाली. "तुमचं वावर ओहोळाला लागून आहे, तिथे दव उशिरापर्यंत राहतं, त्याने असेल. पण खात्री नाही. खरंच माहीत नाही मला, बहिरूभाऊ. ते कळायला अजून एक वर्ष पाहिजे."

बहिरूने तिच्याकडे नीट पाहिलं. "औषधं इकाया येत्यात ना, त्ये कधी असं म्हनत नाय," तो म्हणाला, आणि त्याने पिशवी खाली ठेवली. "घे वावर."

"माझं बी घे," सगुणाबाई म्हणाल्या. "पर पट्टी मधी सोड. आन रस्त्याला पाटी लाव, का ही पट्टी नाशकाच्या बाईनं सोडली, सगुणाबाईची चूक नाय. चांगली मोठी पाटी. येवढी!" आणि केवढी ते दोन्ही हातांनी दाखवायला त्यांनीही पिशवी खाली ठेवली.

यशश्री धावतच भज्यांच्या गाडीकडे आली. "सर! मिळाली वावरं! पास ना?"

ढुंढिराजांना बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं, पण आधी त्यांनी दोन्ही हातांनी टाळ्याच पिटल्या.

"सर," ती एकदम म्हणाली, "तुमची पिशवी?"

त्यांनी हातांकडे पाहिलं. दोन्ही रिकामे. यशश्रीचं हे संशोधन त्यांनी हॉलमध्ये पाठ होईस्तोवर ऐकलं होतं, तरी पिशवी खाली कधी ठेवली ते त्यांना आठवेना. ती गाडीच्या चाकाशी आडवी पडली होती, आणि एक शेळी मेथीची शेवटची जुडी मन लावून संपवत होती.

"पास!" ढुंढिराज डोळे पुसत हसत सुटले. "आता हे शैलाला साध्या भाषेत कसं सांगायचं, तेवढं मला शिकव."