आजोळ कोणतं, पाव्हणं?

आमच्या हिंगोलीत पाहुण्याला पाणी देण्याआधी गाव विचारतात आणि पाणी पिऊन होईपर्यंत आजोळ. नाव विचारायचं राहिलं तरी चालतं. आजोळ कळलं की माणूस धरायला मूठ मिळते. मग त्या आजोळच्या शेजारगावात कुणाची तरी चुलत आत्या दिलेली निघतेच आणि पाहुणा सोयऱ्यांत जमा होतो. लहानपणापासून मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण हैदराबादेहून माझे दोन मित्र गाव बघायला आले, त्या सकाळी हा प्रश्न जितक्यांदा कानावर पडला तितक्यांदा मला तो नको नको झाला.

निजामाचं राज्य होतं. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. मी हैदराबादेत बोर्डिंगात राहून शिकत होतो आणि हे दोघे माझ्याच वर्गातले. एक मुसलमान, चारमिनारच्या बाजूचा, बोलका आणि खाण्याचा भारी शौकीन. तो आला होता हुरडा खायला, तसं त्यानं लपवलंही नव्हतं. दुसरा मराठी, पण जन्म हैदराबादेतलाच, हळू बोलणारा. तो कशाला आलाय ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याची आई हिंगोलीची. लग्न होऊन वर्ष उलटलं नाही तोच तिचं कपाळ पांढरं झालं. पुढं तिला हैदराबादेला एका नातेवाइकांकडं स्वयंपाकपाण्याला धाडून दिली. तिथं छापखान्यात काम करणाऱ्या एका भल्या माणसानं तिच्याशी रीतसर लग्न केलं. ही बातमी इथं पोचली तेव्हा माहेरच्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली आणि गावात सांगितलं की पोरगी तापानं गेली. आईबाप पुढं खरोखरीच गेले. मागं राहिला तिचा थोरला भाऊ. खालच्या गल्लीत त्याचं दोर-सुतळीचं दुकान होतं, कासरे, दावी, नाडे असलं सगळं. मागच्या बाजूला घर. त्या दुकानावरून मी शाळेत जात आलो होतो.

निघताना मित्राच्या आईनं त्याला एवढंच सांगितलं होतं, ‘त्या घरात मी अजून मेलेलीच आहे का, बघून ये. बोलू नको काही. नुसतं बघून ये.’ आणि पायरी उतरता उतरता आणखी एक, ‘मामा समोर आलाच, तर त्याच्या पाया पडू नको हं. भाच्यानं मामाच्या पाया पडायचं नसतं. पडतो तो मामाच.’

ही आमच्याकडची रीत आहे. पांढऱ्या मिशांचा मामासुद्धा शेंबड्या भाच्यापुढं वाकतो. भाचा वाकला तर मामाला पाप लागतं म्हणतात.

तर काम म्हटलं तर सोपं होतं. गावातून फिरता फिरता खालच्या गल्लीत शिरायचं, दुकानासमोरून रमतगमत जायचं. दाराशी लिंबाचं झाड, त्याच्या आडव्या फांदीला आईचा झोका असायचा, तेवढं मित्राला दाखवायचं आणि दुपारची गाडी गाठायची. आम्ही दोघांनी हे बोर्डिंगातच ठरवून टाकलं होतं. माझ्या वडिलांना मात्र आम्ही हिशेबात धरलंच नव्हतं.

माझे वडील मूळचे वसमतचे. नोकरीमुळं हिंगोलीला आले, इथल्या शाळेत मास्तर झाले आणि अस्सल हिंगोलीकराला लाजवील असा या गावाचा अभिमान बाळगून बसले. पाहुण्यांना गाव दाखवायचं म्हणून त्यांनी शाळेतून रजा काढली होती. सकाळी धुतलेलं धोतर, काळा कोट, डोक्यावर टोपी अशा थाटात ते ओसरीवर उभे राहिले तेव्हाच आमचा बेत फसला हे मी ओळखलं.

‘दादा, तुमी कशाला तकलीफ घेता? मी नेतो की,’ मी म्हणालो.

‘तुला काय ठावं हाय गावातलं? तू तर शिकायला भायेर,’ असं म्हणून ते चालूही लागले.

वडिलांना खरं सांगावं असं मनात आलं नाही असं नाही. पण त्यांच्या पोटात काही राहायचं नाही. सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारी मोंढ्याच्या बाजारात कापसाच्या गाड्यांबरोबर फिरत असायची. शिवाय मित्राला मी शब्द दिला होता. आणि बापाला चार लोकांत ‘तिकडं नको, इकडं चला’ म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मी मुकाट मागून चालत राहिलो.

आधी कापसाचं जिनिंग. सरकीचं भूस नाकातोंडात जाईपर्यंत वडिलांनी आम्हांला तिथून हलू दिलं नाही. मग छावणी. इथं गोऱ्या साहेबांचे घोडे कसे पाणी प्यायचे, ते त्यांनी असं सांगितलं की लगाम जणू त्यांच्याच हातात असायचा. मग कचेरी. तिथल्या पेशकारांशी, म्हणजे साहेबांपुढं कागद मांडणाऱ्या कारकुनांशी, मुलाखत झाली. प्रत्येक ठिकाणाहून निघताना मी पुटपुटायचो, ‘दादा, खालच्या गल्लीनं जाऊ, जवळ पडतं.’

‘तिथं काय हाय बघायला? कासरे न् दावी?’ ते म्हणायचे आणि वरच्या गल्लीत वळायचे.

वरच्या गल्लीत तर घरं नुसती टपलेली. मास्तरांचे पाहुणे म्हटल्यावर एक घर घेऊन दुसरं टाळलं तर वर्षभराचा रुसवा. एका घरी पोहे, दुसऱ्या घरी शेंगदाण्याचे लाडू, तिसऱ्या घरी पुन्हा पोहे, चहा तर विचारूच नका. आणि सगळीकडं तोच प्रश्न, ‘आजोळ कोणतं, बाबा?’

मुसलमान मित्र बिनघोर सांगायचा, ‘गुलबर्गा, अम्मां.’ दुसरा सांगायचा, ‘नांदेडकडचं.’ हे त्यानं गाडीतच ठरवून ठेवलेलं होतं. पहिल्या घरी तो ते सहज बोलला. पुढच्या घरी जरा थांबून बोलला. त्यानंतर मात्र उत्तर देताना तो माझ्याकडं बघायला लागला. आजोळच्याच गावात उभं राहून आजोळ दुसरं सांगायचं! मला त्याच्याकडं बघवेना. मी भिंतीवरचे देवांचे फोटो बघत राहायचो.

त्यात त्याचं वळण फार चांगलं. दिसेल त्या वडीलधाऱ्याच्या तो वाकून पाया पडायचा. म्हाताऱ्याकोताऱ्या हरखून जायच्या. वडील मला ऐकू जाईल असं म्हणायचे, ‘बघ, शहरात वाढलंय पोरगं, पण वळण कसं हाय!’ मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घ्यायचो.

निघताना कुणी रिकाम्या हातानं जाऊ देईना. हळकुंडं, चिंचेचे गोळे, उडदाचे पापड, ज्वारीची कणसं, सगळं एका जुन्या चादरीत कोंबलं. ते बोचकं मुसलमान मित्राच्या खांद्यावर. ‘अरे यारो, तुम्हारे गाँव में लोगां मार डालते खिला खिला के,’ तो हाशहुश करत म्हणाला. सूर्य माथ्यावर आला होता. आता घरी जाऊन सामान घ्यायचं की ठेसन. मराठी मित्रानं हळूच मला विचारलं, ‘कुठल्या बाजूला आहे रे?’ मी हनुवटीनं दाखवलं. तो त्या बाजूच्या कौलांकडं बघत चालत राहिला.

आता काही हे जमत नाही, असं मी धरूनच चाललो होतो. तेवढ्यात बोचक्याची गाठ सुटली आणि हळकुंडं रस्त्यावर घरंगळली.

‘काहून बांधलं असं ढिलं?’ वडील माझ्यावरच खेकसले. ‘हे असं गाडीत न्हाई टिकायचं. सुतळी पायजे. चला.’

आणि आम्हांला घेऊन ते तरातरा खालच्या गल्लीत शिरले.

लिंबाचं झाड होतं. आडवी फांदीही होती आणि तिच्यावर दोर घासून पडलेला वळ होता, खालून स्पष्ट दिसणारा. मित्रानं मान वर केली ती खाली केलीच नाही. मी त्याची बाही ओढली तेव्हा तो भानावर आला.

दुकानात त्याचा मामा मांडी घालून नाडा वळत बसला होता. डोक्याला मुंडासं, गालफडं बसलेली, हाताची बोटं तेवढी चालू. ‘या मास्तर,’ म्हणत तो उठला. वडिलांनी ओळख करून दिली, हे माझ्या पोराचे दोस्त, हैदराबादचे, शिकायला एकत्र आहेत. मुसलमान मित्रानं आदाब केला. दुसरा पुढं झाला, सकाळपासूनच्या सवयीनं कमरेत वाकला, आणि अर्ध्यातच थांबला. हात खाली लोंबत राहिले. मग तो सरळ झाला आणि नुसता उभा राहिला.

‘अहो, पाया पडा की,’ वडील म्हणाले. ‘वडीलधारं माणूस हाय.’

तो हलला नाही.

‘पडा, पडा. लाजता काहून?’

मला वडिलांचं तोंड दाबावंसं वाटत होतं. मित्र ताठ उभा होता. वडिलांचा चेहरा उतरला. सकाळपासून ज्याच्या वळणाचं कौतुक केलं त्यानं ऐन वेळी असं करावं! ‘थकलं असंल पोरगं, उन्हाचं,’ ते ओशाळून म्हणाले.

मामा मित्राकडं बघत होता. मग त्यानं सगळे विचारतात तेच विचारलं, ‘आजोळ कोणतं, पाव्हणं?’

‘नांदेडकडचं’ म्हणायला काय झालं होतं? पण मित्राच्या तोंडून ते निघेना. तो मागं वळून झाडाकडं बघत राहिला. मामाच्या हातातला नाडा थांबला.

‘नांदेडकडचं म्हणला न्हवं मघाशी?’ वडीलच बोलले. गप्प राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मग मामाकडं वळून म्हणाले, ‘तुमची बी एक बहीण हैदराबादेला होती न्हवं? मी इथं यायच्या आधीची गोष्ट.’

‘होती,’ मामा म्हणाला. ‘वारली.’

‘ऐकलं होतं. ताप आल्ता म्हणं.’

‘व्हय. ताप आल्ता.’

एवढं बोलून तो सुतळीचा गुंडा घेऊन खाली उतरला. मित्रानं उचलून आणलेलं बोचकं त्याच्याच पायाशी पडलेलं होतं. मामा उकिडवा बसला, चादरीची चारी टोकं जुळवली, सुतळीचे वेढे घातले आणि दोराचं काम करणारी माणसं घालतात तशी चपटी, घट्ट गाठ मारली. वडील त्या वेळी मुसलमान मित्राला बैलाची वेसण कशी वळतात ते समजावून सांगत होते. मामानं गाठीवरून हात फिरवला. तोच हात पुढं नेला, मित्राच्या पावलांना लावला आणि मग आपल्या कपाळाला. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. उठताना त्याला वर बघवलं नाही. पैसे द्यायला वडिलांनी कनवटीला हात घातला, तर तो आत जाता जाता म्हणाला, ‘असू द्या, मास्तर.’

ठेसनावर गाडी लागलेली होती. दोघांना डब्यात बसवलं. मित्रानं ते बोचकं मांडीवर घेतलं, खाली ठेवू म्हटलं तरी ऐकेना. खिडकीशी मी उभा होतो तेव्हा त्यानं मला हळूच विचारलं, ‘आईला काय सांगू रे?’

मामा तोंडानं मेली म्हणाला आणि पायाही पडला. यातलं खरं कोणतं धरायचं? तेवढ्यात वडील मागून पुढं आले. पाया न पडल्याचा राग ते केव्हाच विसरले होते. ‘पुढच्या खेपेला आईला बी घेऊन या,’ ते खिडकीत डोकं घालून म्हणाले. ‘म्हणावं, मास्तरांनी बोलावलंय. आमच्या गावात आलेल्या बाईमाणसाला कुणी परकं म्हणत न्हाई.’

‘हो,’ मित्र म्हणाला. गाडी हलली.

सुट्टी संपवून मी बोर्डिंगात परतलो त्या दिवशी तो माझ्या खोलीत येऊन बसला. आईला त्यानं बोचकं दिलं तेव्हा तिनं गाठ ओळखली. सोडली नाही. चादरीची एक बाजू फाडून हळकुंडं बाहेर काढली आणि सुतळी तशीच देव्हाऱ्यात ठेवली. मग तिनं विचारलं, ‘पाया पडला का रे तो?’

‘पडला म्हणालो,’ तो म्हणाला. ‘तोंडानं काय म्हणाला ते सांगता आलं नाही.’

‘बरं केलंस,’ मी म्हणालो.

‘काय बरं केलं? तेव्हापासून ती जायचं म्हणतेय. तुझ्या वडिलांचं बोलावणं पण मीच सांगून बसलो.’ त्यानं आपल्या पायांकडं बघितलं. ‘भावासाठी टोपी घेऊन ठेवलीय तिनं. चैत्रात जाऊ म्हणते, लिंबाला फुलोरा येतो तेव्हा.’