तीन बातम्या, एक काळी-पिवळी

वैजनाथ जमादार गेल्याचा निरोप माझ्या फोनवर दहा मिनिटांत तीनदा आला. एकदा निवृत्त कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर, एकदा कॉलनीच्या ग्रुपवर, आणि एका जुन्या सहकाऱ्याकडून वेगळा. तिन्हीकडे तेच शब्द, तीच हात जोडल्याची खूण, आणि वयाचा आकडा तिन्हीकडे सारखाच चुकलेला. दुसऱ्या कुणी लगेच श्रद्धांजली टाकून दिली असती. मी मात्र तो चुकलेला आकडा धरून बसले... म्हणजे लिहिलंय एकानेच, बाकीच्यांनी नुसतं पुढे ढकललंय, म्हणजे कदाचित खोटंही असेल. असा तर्क लावायला मला जमादारांनीच शिकवलं होतं. शेवटी त्यांच्या घरी फोन लावला. त्यांच्या बायकोने, गिरिजावहिनींनीच उचलला. "व्हय, बाई. पहाटं गेले. मी शेजारीच व्हते," म्हणाल्या. त्यानंतर विचारण्यासारखं काही उरलं नाही.

पोलिसांत माहिती जमवणारी एक शाखा असते. परभणीला त्या शाखेत मी लिपिक होते, आणि जमादार गावोगाव फिरून माहिती आणायचे. कागदोपत्री ते हवालदार, पण आमच्याकडे निजामाच्या काळापासून जमादारच म्हणतात. मोर्चा कुठे निघणार, उपोषणाला कोण बसणार, कुठल्या गावात कुणाचं कुणाशी फाटलंय, एवढंच काम. सिनेमातलं त्यात काही नाही. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, हातात कापडी पिशवी, असा हा माणूस ताडकळसच्या बाजारात दोर विकणाऱ्याशेजारी तास तासभर उकिडवा बसायचा, आणि फुकट बसल्यासारखं वाटू नये म्हणून उठताना काहीतरी विकत घ्यायचा. घरात दोरांचा ढीग झाला होता. "ह्यांना बाजारात नका धाडू," वहिनी मला एकदा म्हणाल्या होत्या, "आमच्याकडं एक म्हैस न्हाई बांधायला."

माहिती आणली की ते माझ्या टेबलासमोर उभे राहून सांगायचे आणि मी टाइप करायची. एखादं वाक्य मी भराभरा ओढलं की थांबवायचे, "बाई, हे त्यानं पाह्यलं का ऐकलं?" मला भारी वैताग यायचा. दिवसाला चाळीस कागद निघायचे आणि हे एका क्रियापदासाठी अडून बसायचे. खबऱ्या खोटं बोलतोय हे कसं ओळखता, असं मी एकदा विचारलं. "खोटं बोलणारा सोपा असतोय, बाई," ते म्हणाले. "खरं बोलणाराच फसवतोय. त्याला वाटतंय आपल्याला ठावं हाय. त्याला ते कळायची जागा व्हती का, तेवढं बघायचं." आपल्या माणसांची नावं मात्र त्यांनी कधी, कुणाजवळ घेतली नाहीत. साहेब बदलून जातात, तो माणूस त्याच गावात राहणार असतो, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

आता मुद्द्याचं लिहिते. लिहायला इतकी वर्षं लागली, हेही मान्य करते. कालव्याकाठची चराई बंद केली म्हणून ताडकळसकडच्या मेंढपाळांनी परभणीला मोर्चा काढायचं ठरवलं होतं. पुढारपण सोपान नावाच्या माणसाकडे. तिशी-पस्तिशीचा, मेंढरं राखणारा, आवाज चढवून बोलणारा. मोर्चाच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या तीन माणसांकडून एकापाठोपाठ एक खबर आली, की सोपान रॉकेलचे कॅन जमवतोय, कचेरीसमोर काहीतरी पेटवणार. तिघांपैकी एक जमादारच होते. फोनवर त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "ऐकीव हाय, अजून खात्री करायचीय." साहेबांना पंधरा मिनिटांत वर पाठवायला गोषवारा हवा होता. मी तिन्ही खबरी एकत्र केल्या आणि लिहिलं, ‘तीन स्वतंत्र सूत्रांकडून मिळालेल्या माहितीनुसार’. ‘स्वतंत्र’ लिहा असं मला कुणी सांगितलं नव्हतं. तसं लिहायची आमची पद्धत होती, वाक्याला वजन यायचं. जमादारांचं ‘ऐकीव’ त्या वाक्यात बसेना, म्हणून ते गाळलं. साहेबांनी सही केली, कागद वर गेला, आणि बाराच्या आत उत्तर आलं. शेजारच्या जिल्ह्यातून जादा तुकडी निघतेय, सोपानला संध्याकाळपर्यंत ताब्यात घ्या.

जमादार दोनच्या सुमारास आले आणि उभ्याउभ्याच प्रत वाचली. "हे स्वतंत्र हायेत, हे कुणी बघितलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, तीन माणसं, तीन खबरे, अजून काय बघायचं? ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि बाकीच्या दोघांना फोन लावले. नाव कुणाचंच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "तुमचा माणूस बाजारच्या दिवशी ताडकळसहून कशात बसून आला?" दोघांची माणसं एकाच काळी-पिवळी जीपमध्ये होती. मग स्वतःच्या माणसाला फोन केला... तोही त्याच जीपमध्ये. सोपानने टपावर दोन कॅन चढवले होते, डायव्हर म्हणाला होता, "रॉकेलचा वास यायलाय," आणि परभणी येईपर्यंत गाडीभर लोकांनी त्यावर चर्चा केली होती. जमादारांनी फोन खाली ठेवला. "एका डायव्हरचं नाक हाय, बाई. त्याचे आपण तिघं केलेत." त्यांनी ‘आपण’ म्हटलं, तरी माझे कान तापले.

साहेबांच्या खोलीत मी फाइल घेऊन उभी होते. साहेबांनी जमादारांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझा माणूस कोण? बोलाव इथे, मी विचारतो."

"नाव न्हाई सांगता येत, साहेब."

"मग तुझ्या जीपच्या गोष्टीवर मी थांबू? वरून आदेश आलाय. सहाला गाडी निघेल."

"सहापर्यंत येतो. पण सोपानला उचललं, तर उद्या मेंढरांसकट समदे रस्त्यावर बसतील. मग जे पेटंल ते आपणच पेटवलेलं असंल."

जमादार मोटारसायकलवर ताडकळसकडे गेले. तीन वाजले, चार वाजले. आवारात तुकडीची गाडी येऊन उभी राहिली. स्क्रीनवर माझा तो शब्द तसाच होता. साहेबांची खोली माझ्या टेबलापासून दहा पावलांवर. आत जाऊन एवढंच सांगायचं होतं, की तो शब्द मी माझ्या मनाने घातला, कुणी पडताळला नाही. मी गेले नाही. नवरा गेल्यावर अनुकंपेवर लागलेली नोकरी होती, घरात दोन मुलं होती... कारणं खरी आहेत, पण मी भ्याले, हे त्याहून खरं आहे. साडेपाचला गाडीत माणसं चढू लागली. पावणेसहाला जमादार आले. पायापासून केसांपर्यंत धूळ. सरळ आत जाऊन त्यांनी दोन्ही तळहात साहेबांसमोर धरले. "वास घ्या, साहेब."

साहेबांनी तोंड मागे घेतलं. खोलीत रॉकेलसारखा उग्र वास पसरला होता. गोचिडाचं औषध होतं ते. बोकड घ्यायच्या निमित्ताने जमादार सोपानच्या मेंढवाड्यावर गेले, तर तो मेंढरांना औषधाच्या पाण्यात बुचकळत होता. ह्यांनीही बाह्या सावरून चार मेंढरं धरली, कॅनवरची चिठ्ठी वाचली, आणि निघाले. "उद्या काही झालं तर?" साहेबांनी विचारलं. "लिहून देतो," जमादार म्हणाले. आमच्या कामात असं कुणी लिहून देत नाही. ‘शक्यता नाकारता येत नाही’ असं लिहिलं की कुणाच्याच अंगाशी येत नाही. त्यांनी लिहिलं, माहिती निराधार आहे, मी स्वतः पाहिले आहे, जबाबदारी माझी. खाली सही केली. गाडीतली माणसं उतरली.

दुसऱ्या दिवशी मी दर अर्ध्या तासाने फोनकडे बघत होते. सोपान आला, घसा बसेपर्यंत बोलला, निवेदन दिलं, चहा घेतला आणि मेंढरांकडे परत गेला. आम्ही सुटलो असं मला वाटलं. पण आठवड्याने वरून पत्र आलं. तुकडी विनाकारण हलवावी लागली, सूत्रं स्वतंत्र असल्याची खात्री कुणी केली, याचा खुलासा करा. मी काही बोलायच्या आत जमादार टेबलासमोर येऊन उभे राहिले आणि सांगू लागले, ‘सदर गोषवारा मी दूरध्वनीवरून सांगितला असून...’ माझे हात थांबले. "जमादार, हे असं नव्हतं," मी म्हणाले. "टाइप करा, बाई," ते म्हणाले. मी टाइप केलं. त्यांची बढती अडकली, बदली पाथरीला झाली, आणि निवृत्त होईपर्यंत ते एसटीने रोज जाऊन-येऊन करत राहिले. मी त्याच टेबलावर पुढे मुख्य लिपिक झाले. त्यांनी स्वखुशीने केलं, अशी मी माझी समजूत घातली होती.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी मी घरी गेले. वहिनी त्यांच्या खाटेशेजारी खाली बसल्या होत्या. खाटेवरची चादर नीट ओढलेली. बोलता बोलता विषय तिथेच गेला. "एवढा तोलून बोलणारा माणूस, आन एका शब्दापायी पाथरीला गेला," त्या म्हणाल्या. "मी लय बोलले त्यांना, बाई. पाय सुजवून घरी यायचे, आन मी म्हणायचे, तुमीच घाई केलीत, लेकीचं शिकायचं दिवस हायेत, भोगतोय आमी. वरसं न् वरसं बोलले. एकदा बी उलटून बोलले न्हाईत."

"वहिनी, तो शब्द माझा होता," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "त्यांना ठावं व्हतं?"

"होतं. खुलासा त्यांनी माझ्याकडूनच टाइप करून घेतला."

त्यांनी चादरीची कड पुन्हा ओढली. मग खाटेकडे बघत म्हणाल्या, "घरात बी कुणाचं नाव घ्यायचे न्हाईत. तुमचं बी न्हाई घेतलं..." आणि माझ्याकडे वळल्या. "तुमी आज सांगितलं, तुमचं मन हलकं झालं आसंल. पर मी त्यांना जे बोलले, ते आता कुणापशी माघारी घेऊ?"

मी उठले. निघताना त्या दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "पेपरात लिहा. लेकीला वाचू द्या." म्हणून लिहिलं. ‘स्वतंत्र’ हा शब्द मी लिहिला होता. वैजनाथ जमादारांनी लिहिला नव्हता.