म्हशींना जिना उतरता येत नाही

विनू, शेवटच्या अकरा म्हशी ट्रकमध्ये चढवल्या तेव्हा तू मस्कतला होतास. मी होते. आबा एकेकीच्या कपाळावरून हात फिरवत होते. हौशीची पाळी आली तेव्हा मात्र तोंड फिरवून म्हणाले, "ने रे तिला, पटकन ने." त्याच दुपारी टेम्पोत सामान टाकून आम्ही मालाड सोडलं आणि नाहूरला सातव्या मजल्यावर आलो.

तू फोनवर म्हणतोस, "रस्ता झाला तर झाला, डेव्हलपमेंट आहे ना ताई!" म्हणून एकदाच नीट लिहिते.

रस्ता आपल्या तबेल्याच्या कडेने नाही, मधून गेला. गोठे अलीकडे, विहीर, डुंबायचं तळं आणि गवताचं रान पलीकडे. रस्त्याच्या खात्याचे साहेब जमिनीच्या कागदांवर सही घ्यायला आले तेव्हा आबांनी एकच विचारलं, "माझी जनावरं पलीकडे कशी जाणार?" साहेब म्हणाले, "रस्त्याखालून सबवे देतोय ना." कागद इंग्रजीत होते. आबांनी ते माझ्यापुढे सरकवले. मी बी.कॉम. झालेली, घरातली शहाणी. वाचलं आणि म्हणाले, "सबवे लिहिलाय आबा, करा सही."

सबवे झाला. खाली उतरायला बत्तीस पायऱ्या, वर चढायला बत्तीस. आबा पहिल्या पायरीशी कितीतरी वेळ उभे होते. म्हणाले, "आता म्हशीला जिना उतरायला कोण शिकवणार?"

वर्षभर त्यांनी लाल फडकं दाखवून गाड्या थांबवल्या, शिव्या खाल्ल्या, सव्वाशे म्हशी रस्त्यावरून नेल्या. मग मधोमध काँक्रीटची भिंत आली. पाणी टँकरचं, गवत विकतचं. दूध आटत गेलं, दावणी रिकाम्या होत गेल्या.

आबांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं रे.

आता गणपतीत अख्खी बिल्डिंग गावाला जाते. आजोबांनी कोकणातली जमीन विकून तबेला उभा केला होता, म्हणजे आपलं गाव मालाडच. शेजारच्या सावंतबाई दर वर्षी विचारतात, "तुम्ही गावाला नाही जात?" मी सांगायचे, तिकीट नाही मिळालं. यंदा आबाच दारात आले. म्हणाले, "आमचं गाव रस्त्यात गेलं."

बाईंना वाटलं, गावावरून हायवे जातो. "मग तर बरंच आहे की," त्या म्हणाल्या, "लवकर पोचत असाल."

मी दार लावून घेतलं.